तीस डिसेंबरची चौकट

आपियात, म्हणजे आमच्या बेटावरच्या राजधानीत, कुणाचा अर्ज अडला की लोक आधी देवाचं नाव घेतात आणि मग फुआतिनोचं. देव लगेच ऐकत नाही. फुआतिनो ऐकते, पण चार शिव्या हासडून. सरकारी कचेरीच्या मागच्या इमारतीत, जिथे पंखा फिरतो पण वारा काही येत नाही, अशा एका खोलीत ती तीस वर्षं ठाण मांडून बसली आहे. कागदी अर्ज गेले, पडद्यावरचे आले, आणि ते बिघडले की सुधारायचं काम तिच्या गळ्यात पडलं ते कायमचं. शाळेचा प्रवेश, दवाखान्याची नोंद, होडीचा परवाना, खेळाडूंच्या याद्या, सगळं तिच्या हाताखालून जातं. वय अठ्ठावन्न, देह भरदार, आणि आवाज असा की चर्चच्या गायनात तिला मुद्दाम शेवटच्या रांगेत उभं करतात. तरी पहिल्या रांगेतल्या बायका कान चोळतच घरी जातात.

हे शिक्षण तिने कुठे घेतलं म्हणाल, तर कुठेच नाही. ननांच्या शाळेत टंकलेखन शिकली, खोबऱ्याच्या कचेरीत पत्रं बडवली. मग न्यूझीलंडहून एक सल्लागार संगणकांची खोकी घेऊन उतरला, तीन महिने उन्हात भाजून लालबुंद झाला आणि एक जाडजूड पुस्तक मागे टाकून परत गेला. ते पुस्तक फुआतिनोने वाचलं. त्याच साली तिचा नवराही ऑकलंडला सहा महिन्यांसाठी गेला होता, तो गेलाच. "वाचायला दुसरं होतं काय घरात?" असं ती विचारते आणि स्वतःच पोट धरून हसते.

तिच्या धंद्यातली मेख तशी सोपी आहे. अर्जाची चौकट पडद्यावर दिसते, आणि यंत्राच्या पोटात त्या चौकटीचा एक खण असतो. तुम्ही चौकटीत लिहिलंत की ते त्याच खणात पडलं पाहिजे, आणि खणातलंच परत चौकटीत दिसलं पाहिजे. या दोघांना जोडणारी दोरी असते, तिला संगणकवाले बाइंडिंग म्हणतात. दोरी भलत्या खणाला बांधली की झालाच घोटाळा. एकदा परवान्याच्या अर्जात होडीची लांबी मालकाच्या उंचीच्या खणात गेली, आणि चाळीस कोळी अकरा-अकरा मीटर उंचीचे म्हणून नोंदले गेले. फुआतिनोने ती यादी छापून खोलीच्या दारावर चिकटवली. कोळी येऊन तिच्याखाली उभे राहून फोटो काढायचे.

चूक शोधायची तिची पद्धत मात्र पुस्तकातली नव्हे. यंत्राच्या आतल्या ओळी, म्हणजे त्याला लिहून दिलेले हुकूम, ती आधी उघडतच नाही. ज्याचा अर्ज अडला त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवते आणि म्हणते, "भर. तोंड बंद, हात चालू." कारण आमच्या लोकांना विचारून काही कळत नाही. आम्हाला 'नाही' म्हणणं जमत नाही, समोरच्याचा अपमान होतो. अर्ज भरलात? हो. काही अडलं का? छे छे. आणि चौकट लाल झाली की आमचा माणूस यंत्राचाही मान राखतो, यंत्राला जे गोड वाटेल ते लिहून मोकळा होतो. मधलं नाव सक्तीचं केलं त्या वर्षी अर्ध्या सवाइई बेटाचं मधलं नाव 'हो' होतं.

तर त्या शुक्रवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, वाएलुआ म्हातारी नातीला घेऊन हजर झाली. डोक्यावर रविवारची पांढरी टोपी, हातात टोपली, टोपलीत पानात गुंडाळलेली पालुसामी आणि उकडलेले तारो. टोपली दिसली की प्रकरण नाजूक आहे हे फुआतिनो ओळखते.

"कुणाला मारलंस?" तिने विचारलं.

"अगं बाई, कुणाला नाही. ही मारेता. माझ्या लेकीची, लानुओलाची." वाएलुआने नातीला पुढे ढकललं. ढकललं म्हणजे प्रयत्न केला. चौदा वर्षांची पोर, पण खांदे असे की दारातून तिरकी होऊन आत आली. वजनं उचलते. शेजारच्या देशातल्या, सुव्हाच्या कुमार स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. नावं पाठवायची शेवटची वेळ त्याच दिवशी संध्याकाळी पाच. प्रशिक्षकाने तीनदा अर्ज भरला, तिन्ही वेळा सुव्हावरून परत आला. कारण एकच, जन्मतारीख पासपोर्टाशी जुळत नाही.

"मग नीट भरा की."

"नीटच भरतात," मारेता पहिल्यांदा बोलली. "तीस डिसेंबर २०११ लिहिलं की पाठवताना त्याचं एकतीस होतं."

फुआतिनोने तिला खुर्ची दिली. मारेताने नाव लिहिलं, वजनगट लिहिला, तारीख लिहिली. तीस. मग 'पाठवा' दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि परत आला तेव्हा चौकटीत एकतीस होतं. ना लाल रंग, ना सूचना. यंत्राने गुपचूप बदलून टाकलं होतं.

"आयला," फुआतिनो म्हणाली. म्हातारीने छातीवर क्रूस केला.

आवाज ऐकून सेतेफानो साहेब आत आले. हे खात्याचे प्रमुख, चर्चचे डीकन, आणि आपियात भर उन्हात टाय बांधणाऱ्या तीन माणसांपैकी एक. त्यांनी पडद्याकडे बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तीस डिसेंबर २०११? तो दिवस तर झालाच नाही."

खरंच होतं ते. त्या वर्षी आमच्या सरकारने दिनरेषेवरून उडी मारली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यवहार करायचा, आणि ते सोमवारी कामाला लागतात तेव्हा आपण रविवारी चर्चमध्ये, हे परवडेना. म्हणून गुरुवारी एकोणतीस तारखेला आख्खा देश झोपला तो शनिवारी एकतीसला उठला. शुक्रवार सरकारने गिळला.

"इथे नाही झाला," मारेता म्हणाली. "पागो पागोत झाला. मी तिथे जन्मले."

पागो पागो म्हणजे समुद्रापलीकडे, विमानाने अर्धा तास. ते अमेरिकेचं, त्यांनी उडी मारली नाही. लानुओला तिथे मासळीच्या कारखान्यात कामाला होती. तिथे शुक्रवार व्यवस्थित उगवला, व्यवस्थित मावळला.

सेतेफानो साहेबांनी मान डोलावली. त्यांना सगळ्या गोष्टींवर एकच औषध ठाऊक, ते म्हणजे प्रतिज्ञापत्र. "सोपं आहे. आजीने लिहून द्यायचं की मूल एकतीसला झालं. मी शिक्का देतो. अर्जात एकतीस राहू दे, पासपोर्टही त्याच कागदावर बदलून घेऊ, सुव्हाला तसं आत्ताच पत्र टाकतो. दहा मिनिटांचं काम."

"द्या इकडे," वाएलुआने पेनसाठी हात पुढे केला. "मला माझीच तारीख ठाऊक नाही. वादळाच्या वर्षी झाले एवढं आई सांगायची, आणि वादळं तर दरवर्षी येतात."

"नाही," मारेता म्हणाली.

आमच्याकडे पोरं मोठ्यांसमोर असं बोलत नाहीत, तेही डीकनच्या तोंडावर.

"सुव्हाला जायचंय ना, पोरी?" साहेबांनी विचारलं.

"जायचंय."

"मग?"

"तीसलाच."

"बघा हिचं डोकं!" वाएलुआ ओरडली. "आईवर गेलीय. दोन वर्षं पहाटे चारला उठून लोखंड उचलते, रविवारी खाटेवरून उठवत नाही हात दुखतात म्हणून, आणि आता एका आकड्यापायी सगळं घालवते!"

फुआतिनोलाही तेव्हा म्हातारीचंच पटलं, हे सांगितलं पाहिजे. ती मारेताच्या दंडाकडे बघून म्हणाली, "अगं, एका दिवसाने हे बारीक होणार आहेत का? लिही एकतीस आणि जा उड्या मारत."

मारेता उठली आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. रडली बिडली नाही. नुसती बसली. आजी मागोमाग गेली आणि तिला दहा मिनिटं बोल लावून, दमून, आंब्याच्या सावलीत आडवी झाली.

फुआतिनोने फोन उचलला. गेल्या महिन्यात सगळ्या अर्जांचे पडदे ऑकलंडच्या एका कंपनीने नव्याने रंगवून दिले होते. तिथे ग्रॅहॅम नावाचा शांत माणूस होता, आणि शांत माणसांवर ओरडायला तिला विशेष आवडतं.

"ग्रॅहॅम! तुझ्या पडद्याने माझ्या पोरीचा दिवस खाल्ला!"

"फुआतिनो, सुप्रभात. आम्ही फक्त रंग बदललाय. तारखेची चौकट तुमचीच आहे, जुनी. आम्ही तिला हात लावला नाही. तुम्हीच बजावलं होतं."

"मी बजावलं होतं?"

"दोनदा. दुसऱ्यांदा ओरडून."

"तू खोटं बोलतोस."

"बरं," ग्रॅहॅम म्हणाला. तिने फोन आपटला. मग अर्धा तास ती ऑकलंड, तिथली हवा, तिथली माणसं आणि तिथे पळून गेलेले नवरे यांच्याविषयी खोलीतल्या पंख्याशी बोलत राहिली. पण खोटं ग्रॅहॅम बोलत नव्हता हे तिला मनात कळत होतं. तारखेची चौकट खरोखरच तिची होती. चौदा वर्षांपूर्वी तिनेच बनवली, आणि इतकी चांगली बनवली की दहा खात्यांनी आपापल्या अर्जात जशीच्या तशी उचलली. त्या चौकटीवर तिची भारी मिजास होती.

दुपारी ती डबा घेऊन पायऱ्यांवर गेली. डब्यात भात आणि टिनचं गोमांस. मारेताच्या शेजारी धपकन बसली.

"खा. उपाशीपोटी हट्ट टिकत नाही."

मारेताने खाल्लं. चौदा वर्षांची वजन उचलणारी पोर अन्नाला नाही म्हणत नाही. अर्धा डबा संपल्यावर ती आपण होऊन बोलली. "मावशी, आधीचा अर्ज बरा होता. त्यात तारीख आपोआप बदलायची, पण निदान लिहून तरी यायचं."

"काय यायचं?"

मारेताने शाळेतल्या प्रार्थनेसारखं एका सुरात म्हणून दाखवलं, "ह्या दिवशी कुणी जन्मलं नाही आणि कुणी मेलं नाही. डोळे पुसा आणि पुन्हा बघा."

फुआतिनोचा घास तोंडातच राहिला.

"शाळेत नाव घालताना आलं होतं," मारेता सांगत होती. "तिथल्या बाईंना इतकं आवडलं की त्यांनी मोठ्याने दोनदा वाचलं. मागे रांग होती, सगळे हसले. आजीसुद्धा हसली. मग सहावीपर्यंत पोरी मला 'डोळे पुसा' म्हणायच्या. दवाखान्यात पण तेच आलं. तिथल्या नर्सने एकोणतीस लिहून टाकलं, म्हणाली चौकटीला कशाला दुखवायचं. त्यामुळे शाळेत मी एकतीसची आहे आणि दवाखान्यात एकोणतीसची. तीसची फक्त पासपोर्टावर, कारण तो अर्ज कागदावर भरला होता."

फुआतिनोने घास गिळला. "आणि तुला तीसच का पाहिजे? खरं सांग. मी ओरडणार नाही."

मारेता डब्याचं झाकण उलटसुलट करत राहिली.

"मी शुक्रवारी सकाळी झाले. आई शनिवारी पहाटे गेली, एकतीसला. तिचं रक्त थांबलं नाही. तिथल्या मावशी सांगतात, शुक्रवारभर तिने मला खाली ठेवलंच नाही. कुणी मागितलं तरी दिलं नाही." तिने झाकण डब्यावर बसवलं. "एकतीस लिहिलं की मी आले आणि ती गेली, एवढंच उरतं. आमचा दोघींचा तेवढा एकच दिवस आहे. तो मी सही करून देऊन टाकू का?"

फुआतिनो उठली, डबा तिथेच ठेवला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मग तिने आतल्या ओळी उघडल्या. शोधायला वेळ लागला नाही. तारखेच्या चौकटीच्या पोटात, अगदी वरच, ती ओळ होती. तीस डिसेंबर २०११ आली तर हे वाक्य दाखव, आणि खणात पुढचा दिवस टाक. खाली सही म्हणून 'फु.' आणि महिना, जानेवारी २०१२. नव्या पडद्यात चौकटीखाली सूचना दाखवायची जागाच नव्हती, म्हणून वाक्य गळून पडलं होतं आणि दिवस टाकायचं काम मात्र गुपचूप चालू होतं.

तिला सगळं आठवलं. उडी मारल्याला आठवडा झाला होता, जो तो त्याच गमती करत होता. कुणी म्हणे माझा उपास वाचला, कुणी म्हणे सासू एक दिवस आधीच आली. फुआतिनोला हे वाक्य सुचलं तेव्हा सगळी कचेरी टेबलं बडवून हसली होती. ती स्वतः सगळ्यांत जास्त. पागो पागो कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्यातल्या निम्म्या घरांची माणसं तिथे राबतात, आणि एकालाही आठवलं नाही की समोरच्या बेटावर शुक्रवार चालू आहे, माणसं जन्मताहेत, मरताहेत.

"गाढवे," फुआतिनो मोठ्याने म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तिने ओळ खोडली. परीक्षेच्या यंत्रावर, जिथून खरा अर्ज कुठेच जात नाही, चौकट चढवली, तीस लिहिलं, पाठवलं. एकतीस आलं.

तिने परत लिहिलं. परत एकतीस. तिच्या तोंडून जे निघालं त्याने खिडकीवरचा सरडा पळाला. घड्याळात दोन वाजून गेले होते.

आता मात्र ती ओरडली नाही. कागद घेतला आणि तारखेचा रस्ता एकेक पाऊल लिहून काढला. चौकटीतून तारीख निघते. दोरी तिला खणाकडे नेते. पण खणात नुसती तारीख मावत नाही, त्याला क्षण लागतो, म्हणून दोरी वाटेत विचारते, कुठली वेळ? उत्तर ठरलेलं असतं, आपियातली मध्यरात्र. आणि आपियात त्या तारखेला मध्यरात्रच झाली नव्हती. यंत्राच्या पंचांगात ते प्रामाणिकपणे नोंदलेलं. नसलेली मध्यरात्र सापडेना, म्हणून ते बिचारं पुढच्या दिवसावर जाऊन बसत होतं. सरकार विसरलं असेल, यंत्र विसरलं नव्हतं. म्हणजे तिने विनोद केला नसता तरी पोरीचा दिवस गेलाच असता. फक्त कुणी हसलं नसतं.

"बाळ जन्मलं तर घड्याळ कशाला विचारता रे?" ती दोरीला म्हणाली. "दिवस, महिना, साल. संपलं." तिने दोरी सोडून नव्याने बांधली. आता खणात क्षण जात नव्हता, नुसते तीन आकडे जात होते, लिहिले तसे. तिने तीस घातलं, तीस आलं. एकोणतीस, एकतीस. फेब्रुवारीची एकोणतीस. तिच्या आईची, जी नक्की कुणालाच ठाऊक नव्हती. सगळ्या जशाच्या तशा परत आल्या.

पावणेचार झाले होते. परीक्षेच्या यंत्रावर झालं म्हणजे काही झालं नव्हतं. चौकट दहा खात्यांच्या अर्जांत होती, ती बदलायला सेतेफानो साहेबांचा हुकूम लागतो. आणि शुक्रवारी ते हुकूम देत नाहीत. एकदा अशाच एका शुक्रवारी फुआतिनोने काहीतरी हलवलं होतं आणि सोमवारपर्यंत बाळंतिणींच्या खोलीत सगळे पुरुष नोंदले गेले होते.

"सोमवारी," साहेब मान वर न करता म्हणाले.

"पाचला यादी बंद होते."

"प्रतिज्ञापत्र आहे ना? पोरीची समजूत काढ. हट्ट बरा नव्हे." मग त्यांना शंका आली. "चूक आहे तरी कुणाची? ऑकलंडवाल्यांची?"

तिने हो म्हटलं असतं तर ते ऑकलंडला एक खरमरीत पत्र लिहायला बसले असते, फार खूश होऊन. ग्रॅहॅमने 'बरं' म्हटलं असतं. तीस वर्षांत या खोलीत चूक नेहमी बाहेरूनच आली होती.

"माझी," फुआतिनो म्हणाली.

"कुणाची?"

"माझी, माझी! ऐकू येत नाही का? कानात समुद्र गेलाय?" आणि तिने फायलीतून शोधून काढलेला, ती ओळ छापलेला जुना कागद त्यांच्यापुढे ठेवला. खालच्या कोपऱ्यात मंजुरीची सहीही होती, लांब शेपटीची. ती त्याविषयी काही बोलली नाही.

साहेबांनी वाक्य वाचलं. मनात वाचायची त्यांना सवय नाही, ओठ हलतात. "कुणी जन्मलं नाही आणि कुणी मेलं नाही..." मग पायऱ्यांवर मारेता जे बोलली ते फुआतिनोने सांगितलं, जसंच्या तसं, मध्ये एकही शिवी न घालता. साहेबांनी चष्मा काढला. खिडकीच्या काचेपलीकडे पायऱ्यांवर ते रुंद खांदे दिसत होते.

"ही सही माझी आहे," ते म्हणाले.

"आहे."

"मी वाचलं नव्हतं."

"तुम्ही काहीच वाचत नाही, साहेब."

त्यांनी टाय सैल केला आणि पेन उचललं. "चढव. बाळंतिणी पुन्हा पुरुष झाल्या तर सोमवारी मी सांभाळतो."

चौकट चढवायला पाऊण तास गेला. एकेक खातं, एकेक अर्ज. शेवटी खेळाडूंच्या अर्जाची पाळी आली तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फुआतिनोने दारातूनच हाक मारली, आणि आंब्याखाली झोपलेली वाएलुआही दचकून उठली.

मारेता खुर्चीवर बसली. नाव लिहिलं. वजनगट. तारीख. बोट 'पाठवा' वर आलं आणि तिथेच राहिलं.

"दाब," फुआतिनो म्हणाली.

तिने दाबलं. पडदा पांढरा झाला. मग अर्ज पोहोचल्याची सूचना आली आणि तिच्याखाली सगळा तपशील. मारेता वाएलुआ, मुली, तीस डिसेंबर २०११. दहा मिनिटांनी सुव्हाहून उत्तर आलं की पासपोर्टाशी जुळतंय, नाव यादीत घेतलं. वाएलुआने टोपी काढून वारा घेतला आणि इतक्या मोठ्याने देवाचे आभार मानले की साहेबांनी आपल्या खोलीतून 'आमेन' म्हटलं.

म्हातारी टोपली आवरायला बाहेर गेली. खोलीत दोघीच उरल्या. फुआतिनोने खुर्ची ओढली.

"ते वाक्य मी लिहिलं होतं. डोळे पुसायचं. मला विनोद सुचला होता, सगळे हसले, मला बरं वाटलं." तिचा आवाज, तो आपियाभर ऐकू जाणारा, जेमतेम टेबलापर्यंत पोहोचत होता. "माझं चुकलं, पोरी. आणि सकाळी दंडावरून बोलले, तेही."

मारेताने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, कुतूहलाने. "तुम्हाला कुठे ठाऊक होतं मी आहे म्हणून."

"नव्हतं. पण पागो पागो कुठे आहे ते ठाऊक होतं की."

माफ केलं असं मारेता म्हणाली नाही, आणि फुआतिनोनेही विचारलं नाही. पोर परत पडद्याकडे वळली.

"मावशी, हे बंद करून परत उघडा ना. राहतंय का बघू."

फुआतिनोने अर्ज बंद केला, परत उघडला. तीस डिसेंबर. मारेताने चौकटीवर बोट ठेवलं आणि वाचलं, ओठ न हलवता.

बाहेर वाएलुआ ओरडत होती की शेवटची बस निघाली तर गावापर्यंत तुलाच मला पाठीवर घ्यावं लागेल, मला चालवत नाही.

"परत एकदा," मारेता म्हणाली.

फुआतिनोने परत उघडलं.